बाबांनी किती वेळा आवाज दिला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ३८, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, कथा लिहितात. त्यांचे वडील १९७० साली फौजेत भरती झाले, पंधरा वर्षांनी पेन्शनवर घरी आले आणि शेती करू लागले. गावात त्यांना सगळे ‘फौजी काका’ म्हणतात. डिसेंबर १९७१ च्या पाकिस्तानशी झालेल्या लढाईनंतर त्यांना मध्य भारतातल्या एका युद्धकैद्यांच्या छावणीत पहाऱ्यावर ठेवलं होतं. जानेवारी १९७३ मधल्या एका धुक्याच्या रात्री तारेखालून सरपटणाऱ्या एका कैद्यावर त्यांनी गोळी झाडली. तो जागीच गेला. त्याला ते चेहऱ्याने ओळखत होते. आधी तीनदा आवाज द्यायचा आणि मगच गोळी, असा तिथला हुकूम होता. चौकशी झाली, ‘तीनदा दिला’ असं त्यांनी सांगितलं आणि प्रकरण मिटलं. गेल्या हिवाळ्यात वीज गेलेल्या एका रात्री अंगणात बाजेवर बसून ते मुलीला पहिल्यांदा म्हणाले, ‘‘बाई, मी दोनदा वरडलो का तीनदा, मले अजून याद नाही.’’

मुलीने त्यावर कथा लिहिली. कथेत संत्री, म्हणजे पहारेकरी, आणि कैदी यांची मैत्री आहे, युद्ध आणि शांततेवर त्यांचं बोलणं आहे, आणि शेवटी संत्री बंदूक टाकून कैद्याच्या कबरीवर डोकं टेकवतो. कथा वाचून धाकटा भाऊ भडकला. ‘‘बाबाचं नाव हाय गावात, ते तू मातीत घालतं का?’’ त्याचा मुलगा सैन्यभरतीसाठी रोज पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळतो. बाबांना अजून काहीच सांगितलेलं नाही. ताई विचारतात, कथेत बाबांना दोषी ठरवू की निर्दोष? नावं बदलून छापली तर चालेल का? की फाडून टाकू?

प्रिय ताई,

पत्रासोबतची कथा मी दोनदा वाचली, आणि पत्र चारदा. खरं सांगते, कथेपेक्षा पत्र चांगलं आहे. तुम्ही नाराज व्हाल, पण माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

पत्राच्या तिसऱ्या पानावर, समासात, तुम्ही बारीक अक्षरात लिहिलं आहे: ‘बाबा कुणालाही हाक मारायची झाली तर तीनदा मारतात. वावरात गड्याला, घरात आईला, शेजारच्या पोराला. पहिल्याच हाकेला ओ दिली तरी उरलेल्या दोन मारतातच. लहानपणी आम्ही हसायचो.’ हे वाचून मी कागद खाली ठेवला. बावन्न वर्षं एक माणूस त्या रात्रीची उरलेली हाक पुरी करतो आहे, की तीन हाका होत्या हे स्वतःला पटवतो आहे, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही, कदाचित त्यांनाही नाही. आणि हे कथेत कुठेच नाही! तुम्हाला ते कथेच्या लायकीचं वाटलं नाही. त्याऐवजी कबर आणली, बंदूक फेकणं आणलं, अश्रू आणले.

तुमचा पहिला प्रश्न दोषी की निर्दोष. हा प्रश्न कथेला सोडवायचाच आहे, हे तुम्ही धरून चालला आहात. पत्रात तुम्ही बाबांची धर्मराजाशी तुलना केली आहे. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटल्यावर त्याचा जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा रथ खाली टेकला, तसं ‘तीनदा’ म्हटल्यावर बाबांचं झालं, असं तुम्ही लिहिता. तुलना ऐकायला छान आहे, पण जुळत नाही. आपण काय बोलतोय आणि ते कितपत खरं आहे, हे धर्मराजाला पक्कं ठाऊक होतं. तुमच्या बाबांना ठाऊक नाही. त्यांनी खोटं सांगितलं असं ते म्हणत नाहीत, खरं सांगितलं असंही म्हणत नाहीत. बावीस वर्षांचा पोरगा, अंगावर फौजेतला जाड कोट, समोर धुकं, तारेशी काहीतरी हललं, तोंडातून आवाज निघाला, बोट दाबलं गेलं. किती सेकंद? त्या सेकंदांत हाका कोण मोजतं? पुढे टेबलापलीकडून साहेबाने विचारलं आणि उत्तर द्यावं लागलं. ‘तीनदा, साब.’ त्या क्षणी तो आकडा कागदावर गेला आणि त्यांच्या डोक्यातून कायमचा निसटला.

तुमच्या कथेत चौकशी एका ओळीत उरकली आहे: ‘चौकशीत तो निर्दोष सुटला.’ तुम्हाला ती कोरडी, सरकारी वाटली असणार. माझ्या मते कथेचा गाभा तिथेच आहे, आणि त्यामागची एक गोष्ट कळली तर तुम्हालाही तसंच वाटेल. युद्धकैद्यांबाबतचा जिनिव्हा करार १९४९ चा आहे आणि भारताने तो मानलेला आहे. त्याच्या ४२ व्या कलमात म्हटलं आहे की कैद्यावर, विशेषतः पळणाऱ्या कैद्यावर, शस्त्र चालवणं हा अगदी टोकाचा उपाय आहे आणि त्याआधी परिस्थितीला साजेशी ताकीद दिलीच पाहिजे. कलम १२१ सांगतं की पहारेकऱ्याच्या हातून कैदी मेला तर लगेच अधिकृत चौकशी झाली पाहिजे. म्हणजे ज्या चौकशीला तुमचे बाबा अजून घाबरतात, ती त्यांच्यावर संशय होता म्हणून झाली नव्हती. कैद्याचा जीवही मोजला जावा, म्हणून ती व्हायचीच होती. हे त्यांना कुणी कधी सांगितलं असेल का? मला शंका आहे. बावीस वर्षांच्या शिपायाला समोर फक्त टेबल दिसलं असेल.

त्याच करारातली आणखी एक गोष्ट तुमच्या कथेला उपयोगी पडेल. पळून जाण्याचा प्रयत्न करणं हा कैद्याचा गुन्हा धरला जात नाही. पकडला गेला तर त्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते. तेव्हा त्या रात्री तारेच्या दोन्ही बाजूंना अपराधी कुणीच नव्हता. एकाने पळायचं होतं, दुसऱ्याने अडवायचं होतं. तुम्ही मात्र त्या बिचाऱ्या कैद्याला पळायला कारण दिलं: घरी आई आजारी, अशी चिठ्ठी आली. बाबांनी हे सांगितलं होतं का? नाही, तुम्हीच लिहिता, ‘तो का पळाला ते बाबांना माहीत नाही.’ मग ते तसंच असू द्या. कारण दिलं की वाचक हळहळतो आणि मोकळा होतो. बाबांना मोकळं व्हायला कुणी कारण दिलं नाही.

बाबांनी सांगितलेलं खरं काय आहे, ते तुमच्याच पत्रातून पुन्हा काढून दाखवते. तो कैदी मुलतानकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. एकदा उन्हात गाद्या वाळत घातल्या होत्या. एक गादी फाटलेली होती. त्याने त्यातला चिमूटभर कापूस उपसला, दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून हळूच ओढला, धागा किती लांब आहे ते पाहिलं आणि नाक मुरडलं. बाबा पाहत होते. त्यांचे वडील दरवर्षी बाजारात बंडीवरचा कापूस असाच पाहायचे. बाबांना हसू आलं, त्याने ते पाहिलं, तोही हसला. बस्स! संत्र्याने कैद्याशी बोलायचं नसतं, आणि ते बोललेही नाहीत. मुलतान हा कापसाचाच मुलूख आहे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, ज्याच्या घरची, त्याला त्या ओढण्याची खूण कळते. ही दोन माणसं एकमेकांना एवढीच ओळखत होती.

कथेत तुम्ही त्याच दोघांना साडेचार पानं बोलायला लावलं. सरहद्द माणसाने आखली, माती एकच, वगैरे. ताई, ती साडेचार पानं काढून टाका. तुम्ही मनापासून लिहिलं आहे, त्यातला शब्दन् शब्द तुमचा विश्वास आहे, हे मला दिसतं. पण ती तुमची वाक्यं आहेत, तारेपलीकडच्या पोराची नाहीत. कापसाची ती चिमूट राहू द्या. पुढे गोळी सुटेल तेव्हा वाचकाला ती आपोआप आठवेल.

मनातली झुंज कागदावर कशी आणायची, असं तुम्ही विचारलं आहे. आपल्याकडे याचं सर्वांत जुनं आणि सर्वांत ओळखीचं उदाहरण गीतेच्या पहिल्या अध्यायात आहे. अर्जुन आधी तत्त्वाचं बोलतच नाही. गात्रं गळाली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कापरं भरलं, काटा आला, गांडीव हातातून निसटतंय, त्वचेची आग होते आहे, हे तो आधी सांगतो. कुळाचं काय, पापाचं काय, हे नंतर येतं. झुंज आधी अंगात येते. बाबांच्या बाबतीत ती घशात आली आणि तिथेच राहिली, म्हणून तर तीन हाका. अर्जुनाला उत्तर द्यायला कृष्णाला पुढचे सतरा अध्याय लागले. तुमच्याकडे बारा पानं आहेत आणि कृष्ण नाही. उत्तर द्यायला जाऊ नका.

शेवटाकडे येते. कबरीवर डोकं टेकवणं घडलं नव्हतं, हे तुम्हीच कबूल केलं आहे. कथेत न घडलेलं घालायला काहीच हरकत नाही, पण ते कुणासाठी घातलं हे स्वतःला विचारा. मला वाटतं, बाबांनी पश्चात्ताप करावा ही तुमची गरज आहे. तुम्ही शाळेत मुलांना शिकवता, दर १६ डिसेंबरला त्यांच्यासमोर शाल-श्रीफळ घेताना बाबांना बघता. हा माणूस आतून रडलेला असावा, म्हणजे तुम्हाला त्याच्याकडे सरळ बघता येईल, असं काहीसं असेल. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, लेकीला असं वाटणारच. पण ते कर्ज तुमचं आहे आणि तुम्ही ते त्यांच्या नावावर टाकलं आहे. बाबांनी त्या रात्री बाजेवर जे म्हटलं ते तुमच्याच पत्रात आहे: ‘‘आठ महिने थांबला असता त घरी गेला असता पोरगा.’’ हिशेब बरोबर आहे. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागती झाली, जवळपास ९३ हजार लोक भारताच्या ताब्यात आले. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला तरी कैदी तसेच राहिले. २८ ऑगस्ट १९७३ ला दिल्लीत करार झाला तेव्हा कुठे गाड्या वाघा सीमेकडे निघाल्या, आणि एप्रिल १९७४ पर्यंत सगळे परतले. जानेवारीतल्या त्या रात्री हे ना बाबांना ठाऊक होतं, ना त्या पोराला. म्हातारपणी एखादा माणूस मनात असे महिने मोजत बसतो. तुम्ही याला पश्चात्ताप म्हणा, नका म्हणू. कबरीपेक्षा हे वाक्य मोठं आहे.

आता छापण्याचं. नावं बदलून चालेल का, असं विचारता. परगावच्या वाचकासाठी चालेल. तुमच्या गावासाठी नाही. गावात १९७१ चा फौजी एकच आहे. तुम्ही त्याला सातारचा करा, पंजाबातला करा, पारावर तो तासाभरात ओळखला जाईल. म्हणून नाव बदलणं आणि परवानगी घेणं, ही दोन वेगळी कामं आहेत. एक केलं की दुसरं झालं, असं होत नाही.

हे मी स्वतः चुकून शिकले आहे. मी तरुण असताना माझ्या आत्यावर कथा लिहिली होती. नाव बदललं, गाव बदललं, तिच्या नवऱ्याला पोस्टमन केलं. कुणीतरी तिला ती वाचून दाखवली. ती माझ्याशी भांडली नाही. संक्रांतीला गेले तेव्हा तिने तिळगूळ दिला, चहा दिला. फक्त पूर्वी जशी चुलीजवळ पाट सरकवून ‘बस, तुला एक गंमत सांगते’ म्हणायची, तसं म्हणाली नाही. पुढे ती अकरा वर्षं जगली. मला तिने एकही गोष्ट सांगितली नाही.

बाबांनी ही गोष्ट लेकीला सांगितली, अंधारात, वीज नसताना. लेखिकेला सांगितलेली नाही. वीज आली तेव्हा ते उठून आत गेले, हे तुम्हीच लिहिलं आहे. या साध्या गोष्टीकडे नीट बघा.

भावाबद्दल मात्र तुम्ही अन्याय करता आहात. ‘त्याला फक्त इज्जतीची पडली आहे, साहित्य कळत नाही,’ असं तुम्ही लिहिता. त्याचा पोरगा पहाटे १,६०० मीटर पळतो आहे. आजोबा फौजी आहेत, हे त्या पोराचं अर्धं बळ आहे. बापाला भीती वाटते की पोराने हे वाचलं तर त्याचे पाय अडखळतील. ही भीती खोटी नाही. पण तिच्यामागे एक समजूत आहे, तिला हात लावायला हवा: ज्याला एका मरणाचं ओझं वाटतं तो कच्चा शिपाई, अशी. अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात या ओझ्याला ‘नैतिक जखम’ म्हटलं, आणि भीतीने होणाऱ्या आजारापासून ती वेगळी काढून दाखवली. जे बरोबर वाटत होतं त्याच्याशी आपल्या वरिष्ठांच्या हातून, किंवा पुढच्या अभ्यासकांनी म्हटलं तसं आपल्याच हातून, दगा झाला, ही ती जखम. ज्याला बरंवाईट कळतच नाही, त्याला ती होत नाही. नातू उद्या वर्दी घालणार असेल तर कधीतरी त्याच्याही बोटाखाली घोडा येईल. आजोबांची गोष्ट त्याला छापील अंकात सापडण्यापेक्षा आजोबांच्या तोंडून कळावी असं मला वाटतं. ते तुम्ही ठरवायचं नाही, तुमच्या भावानेही नाही. बाबांना ठरवू द्या. भावाला एवढंच सांगा की बाबांनी ‘नको’ म्हटलं तर कथा छापली जाणार नाही. मग तो तुमच्याशी भांडायचा थांबेल, निदान आरडाओरडा तरी थांबेल.

‘लोक देशद्रोही म्हणतील’ असंही त्याने ऐकवलं आहे. म्हणणारे म्हणतील, त्यांचं तोंड आपण धरू शकत नाही. पण आपला मुलूख आठवा. एकाच वर्धा जिल्ह्यात पुलगावचा दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे, आणि पवनारचा आश्रमही आहे. गीताई लिहिली त्याच विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला युद्धाविरुद्ध भाषण केलं आणि पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून तुरुंगात गेले. रणांगणावरचा ग्रंथ मराठीत आणणारा आणि युद्धाला नको म्हणणारा माणूस एकच. आणि २०१६ च्या मे अखेरीस पुलगावच्या डेपोत रात्री आग लागली तेव्हा ती विझवताना माणसं गेली. त्यांच्यासाठी याच लोकांनी डोळे पुसले. आपल्या गावांना दोन्ही गोष्टी कळतात, आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळतात. शत्रूच्या सैनिकाला माणूस म्हटलं म्हणून गाव तुम्हाला वाळीत टाकणार नाही. बापाची अंधारातली गोष्ट त्याला न विचारता उजेडात आणली, तर मात्र पारावरची म्हातारी माणसं तोंड फिरवतील, आणि त्यांचं चुकणार नाही.

आणखी एक माणूस आहे, ज्याला विचारता येणार नाही. तुम्ही पत्रात त्या कैद्याचं नाव लिहिलं आहे, बाबांना ते अजून पाठ आहे. मी ते इथे दिलेलं नाही. तुम्हीही कथेत घालू नका, जवळपासचंही नको. त्याच्या घरी कुणीतरी अजून असेल. त्यांच्या माणसाच्या शेवटच्या दहा सेकंदांचा तपशील त्यांनी आपल्या दिवाळी अंकातून का ऐकावा?

आता काय करायचं ते सांगते. तुमच्यासारखी पत्रं मला येत असतात: कुणाकडे आजीच्या फाळणीच्या आठवणी आहेत, कुणाकडे पोलिसात असलेल्या मामाची दंगलीतली एक रात्र, कुणाला सासऱ्यांच्या ट्रंकेत वही सापडली आहे. त्यांनाही हेच लागू पडेल.

कथा आधी नव्याने लिहा. जे बाबांनी सांगितलं ते, आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिलं ते, एवढंच घेऊन. बाज, अंधार, कापसाची चिमूट, टेबल, ‘तीनदा, साब’, आणि मग आईला मारलेल्या हाका. संत्र्याच्या डोक्यात शिरू नका, तिथे तुम्हाला जाता येत नाही. ऐकणाऱ्या लेकीच्या जागेवरून लिहा. तुम्हाला न समजलेलं जिथे येईल, तिथे न समजलेलंच ठेवा. आकडा ठरवू नका. दोन की तीन, हे वाचकालाही कळता कामा नये, कारण ते जगात कुणालाच माहीत नाही. बाबांचं बोलणं वऱ्हाडीतच ठेवा. तुमच्या पहिल्या खर्ड्यात ते पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलतात आणि अनोळखी वाटतात.

मग दिवसाढवळ्या बाबांना विचारा. ‘छापू का?’ असं थेट नको, त्याला माणूस ‘तुझी मर्जी’ म्हणतो आणि आतून मिटतो. ‘तुम्ही त्या रात्री सांगितलं ते मी लिहून ठेवलं आहे, ऐकता का?’ असं विचारा. नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा, महिन्याभराने पुन्हा एकदा विचारा, तिसऱ्यांदा विचारू नका. हो म्हणाले तर घरात दोघंच असताना वाचून दाखवा. लगेच उत्तर मागू नका. पोळा होऊ द्या, दसरा होऊ द्या. म्हातारी माणसं असल्या गोष्टीचं उत्तर भलत्याच वेळी, बैलाला पाणी पाजताना देतात.

या काळात त्यांच्या झोपेवर लक्ष ठेवा. पन्नास वर्षं मिटलेलं उघडलं की कधीकधी रात्री जड जातात. उठून अंगणात फिरणं, जेवण टाकणं, ‘आता काय राहिलं’ असं बोलणं दिसलं, तर कथा बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. पेन्शनवर आलेल्या सैनिकांसाठी माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना आहे. त्यांचं कार्ड झालं नसेल तर यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. घरूनच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. त्यांना एकट्याने बोलणं जमलं नाही तर तुम्ही फोन लावून शेजारी बसा.

ते ‘छाप’ म्हणाले तर दिवाळी अंकांकडे उन्हाळा संपता संपता पाठवा, गणपतीनंतर जागा उरत नाही. किंवा विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’कडे पाठवून पाहा. ‘नको’ म्हणाले तर कथा फाडू नका. तारीख घालून ट्रंकेत ठेवा. न छापलेली कथा वाया जात नाही. ती लिहिताना तुम्ही बाबांच्या हाका पहिल्यांदा नीट ऐकल्या, ते कुणी परत घेत नाही. पुढे कधी, ते नसताना, छापावंसं वाटलं तर तेव्हाही त्यांचा ‘नको’ आठवा आणि भावाला विचारा. मग मात्र त्या शब्दाचा तोही वारस असेल.

शेवटी वाचून दाखवण्याबद्दल एक. कथेत जिथे संत्री आवाज देतो, तिथे तुम्ही ‘थम! कौन आता है?’ असं तीन ओळींत तीनदा लिहिलं आहे. नव्या खर्ड्यात ते एकदाच ठेवा. आणि बाबांसमोर वाचताना ती ओळ आली की तुम्ही ती म्हणू नका. कागद धरून गप्प बसा. त्यांना म्हणायची असेल तर ते म्हणतील, आणि किती वेळा म्हणतील ते तुम्ही मोजू नका.

तुमची,
सदरलेखिका